मल्लाचा वस्ताद होताना

माण तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या जत्रेत दुपार कलली की हलगी घुमायला लागते आणि माणसं शिवाराकडे सरकतात. नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून मऊ केलेल्या रानात कुस्त्यांचा फड भरलेला असतो. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. सात-आठ वर्षांची पोरं, कुणाचा लंगोट ढिला, कुणाची चड्डीच. मग नारळाच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस मावळायला आला की इनामाची मोठी. सगळ्यांचे डोळे मधल्या दोघांवर असतात. मला मात्र लहानपणापासून कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे बघायची सवय लागली. असा म्हातारा प्रत्येक फडात असतो. डोईला पटका, गुडघे आखडलेले, आणि कान सुकल्या अंजिरासारखे गोळा झालेले. आत जाण्याआधी एखादं पोरगं त्याच्या पाया पडतं, मग मातीच्या. कुस्ती अडली की पोरगं मान वळवून एकदा त्याच्याकडे बघतं. म्हातारा ओरडत नाही. मांडीवरचा पंजा नुसता उलटा करतो. पोरगं पकड बदलतं, आणि पुढच्या श्वासाला समोरचा आभाळ बघत असतो.

पुकारणारा मग विजेत्याचं नाव सांगतो, गाव सांगतो, आणि शेवटी, ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा!’

कुस्तीत माणसाला दोन आयुष्यं असतात. पहिलं मल्लाचं, ते तिशी-पस्तिशीला संपतं. दुसरं वस्तादाचं, आणि ते कधीकधी पहिल्याच्या दुप्पट लांब निघतं. आपल्याकडे कुस्तीचा इतिहास गदांच्या आणि केसरींच्या याद्यांनी लिहिला जातो, म्हणजे फक्त पहिल्या आयुष्याचा. सातारा-सांगली-कोल्हापूरची कुस्ती संस्थानं गेल्यावरही टिकली ती दुसऱ्या आयुष्यांमुळे, असं माझं मत आहे. ही दोन्ही आयुष्यं भरघोस जगलेला माणूस म्हणजे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर.

पण त्यांच्याकडे येण्याआधी कोल्हापूरला जावं लागेल. माणच्या कोरड्या माळावरचं पोर असो की शिराळ्याच्या ओल्या खोऱ्यातलं, अंगात रग दिसली की बाप त्याचं बोचकं बांधून कोल्हापूरची वाट धरायचा. याला कारण राजर्षी शाहू महाराज. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत कुस्ती हा संस्थानाच्या कारभाराचाच एक भाग झाला. पेठापेठांत तालमी, मल्लांना खुराक, बाहेरून आलेल्या पैलवानाला राहण्याची सोय. १९०२ साली महाराज युरोपला गेले तेव्हा रोममधलं जुनं वर्तुळाकार क्रीडागृह त्यांनी पाहिलं, आणि परतल्यावर तसंच काहीतरी कुस्तीसाठी करायचं ठरवलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधे हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, आणि कुठूनही बघा, कुणाच्या पाठीआड काही जात नाही. हजारो माणसं एका वेळी एक कुस्ती बघू शकतात असं मैदान देशात दुसरं नव्हतं.

त्या काळी मोठी नावं मात्र पंजाबकडची असत. दक्षिणी मल्ल चपळ, डावपेचांचा पक्का, पण वजनाने आणि दमाने पंजाबी भारी, असा लौकिक होता. १९४७ साली देशाची फाळणी झाली तशी आखाड्याचीही झाली. गामा पैलवान आणि त्यांचं घराणं पाकिस्तानात गेलं. पुढे दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पंजाबी घराणी सरहद्दीपलीकडे गेलेली, पोसणारा राजवाडा मागे सरलेला. तालमी उभ्या होत्या, माती होती, पोरं होती. पुढे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

या पोकळीत पहिला उभा राहिला तो कराडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे ते सहावे आले, आणि तिथे कुस्ती मातीत नव्हे, गादीवर होते हे त्यांनी अंगावर अनुभवलं. पाय रुततील अशी माती नाही, वेळ घड्याळावर, हार-जीत गुणांवरही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. उरलेले गोळेश्वर-कराडच्या लोकांनी पै-पै करून. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक ओसरल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले आणि पुढचं आयुष्य त्या खात्यात गेलं. गादीवर ऑलिंपिक पदक मिळवलेला एकमेव भारतीय मल्ल आपल्याच दारात होता, आणि त्याच्या हाती एखादी तालीम सोपवावी असं सरकारला सुचलं नाही. ही खंत मी आजचं शहाणपण वापरून लिहितो आहे, हे कबूल. त्या काळी ‘प्रशिक्षक’ हा शब्दच फारसा कुणाच्या तोंडी नव्हता.

गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. जन्म १५ एप्रिल १९३५. वारणेचं खोरं, ऊस-भाताचा मुलूख, पलीकडे कोल्हापूर जिल्हा. कोल्हापुरात ते भवानी मंडपातल्या मोतीबाग तालमीत दाखल झाले आणि पुढचं सगळं आयुष्य, मल्लाचं आणि वस्तादाचंही, याच तालमीशी बांधलं गेलं.

तालमीतला दिवस कसा असतो ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. पहाटे चारच्या आत उठायचं. दिवा मिणमिणता, हवा जड, कोंदट. हौद्यातली तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मुरवलेलं असतं, म्हणून ती अंगाला चिकटते पण खरचटलेलं चिघळू देत नाही. आधी फावड्याने माती उकरायची, हाच पहिला व्यायाम. मग जोर, मग बैठका, आकडे शेकड्यांत. मग जोडीदाराबरोबर लढत, एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. अंग घामाने निथळलं की कोरडी माती चोळून घ्यायची. उजाडल्यावर थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, पाट्यावर वाटून दुधात. थंडाई वाटणं हे धाकट्यांचं काम. पाटा-वरवंट्यावर तासभर हात चालवणाऱ्या पोराची मनगटं कुठल्या व्यायामाने होणार नाहीत अशी होतात. वस्ताद हे बोलून दाखवत नाहीत, वाटायला मात्र लावतात.

हिंदकेसरी हा किताब १९५८ पासून सुरू झाला. १९५९ मध्ये तो कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीचे श्रीपती खंचनाळे यांनी जिंकला आणि लगेच १९६० मध्ये आंदळकरांनी. लागोपाठ दोन वर्षं देशाची गदा पंचगंगेच्या काठी. त्याच १९६० मध्ये गामा लाहोरात वारले. एक पर्व तिकडे मिटलं आणि दुसरं इकडे उघडलं, असं म्हणायचा मोह होतो. इतिहास इतका नीटनेटका नसतो. पण दक्षिणी मल्ल जड गटात टिकत नाही, हा समज त्या दोन वर्षांत मोडला एवढं खरं.

खरी परीक्षा मात्र १९६२ मध्ये जकार्ताला झाली, आणि तीही कशा वातावरणात! आशियाई स्पर्धांचं यजमानपद इंडोनेशियाकडे होतं आणि त्यांनी इस्राएल व तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी याला उघड हरकत घेतली, या स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणू नये असं सुचवलं, आणि जकार्ता भारतीयांवर उलटली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानात आले की प्रेक्षकांतून हुर्यो उठायची. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आपला संघ जिंकला तोही याच गदारोळात. पुनवतच्या मल्लाला खासबागेत हजारो माणसांच्या शिट्ट्या अंगावर घ्यायची सवय होती, पण त्या आपल्यासाठीच्या.

आंदळकर दोन प्रकारांत उतरले, दोन्ही ९७ किलोंवरच्या गटात. फ्रीस्टाइल आपल्या कुस्तीला त्यातल्या त्यात जवळची. ग्रीको-रोमनचं तसं नाही. त्यात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा उपयोग करून कुणाला पाडायचं नाही. म्हणजे पट काढणं बंद, ढाक लावताना पाय घालणं बंद, घुटना बंद. मातीतल्या मल्लाच्या पोतडीतले निम्मे डाव दाराबाहेरच काढून ठेवायचे. उरते ती छाती, खांदे, गर्दन आणि मगरमिठी. मातीतल्या माणसाला वाटावं की एक हात बांधून लढायला सांगितलंय. या ग्रीको-रोमनमध्ये आंदळकरांनी सुवर्ण जिंकलं, आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मिरज तालुक्यातल्या कवठे पिरानच्या मारुती मानेंनीही तिथेच एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. त्या वर्षी भारताने सगळ्या खेळांत मिळून दहा सुवर्णपदकं जिंकली. त्यांतली दोन एकट्या सांगली जिल्ह्यातल्या दोन गावांची होती. हा हिशेब कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लिहावा असा आहे.

१९६४ मध्ये आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकला गेले. तिथे पदक नाही. वय २९. मल्लाच्या आयुष्यात हा चढ संपून सपाटी लागण्याचा काळ. गुडघा पहाटे आधी बोलतो, मग आपण उठतो.

इथून पुढे काय, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येकासमोर होता. वाटा मोजक्याच. गावी जाऊन शेती. पोलिसांत किंवा रेल्वेत नोकरी. राजकारण, कारण पैलवानाच्या पाठीमागे चार गावं असतात. ज्याला यातलं काहीच साधलं नाही अशांची अवस्था बघवत नसे. खुराकाची सवय सुटत नाही, मेहनत सुटलेली असते, आणि अंग सैल होत जातं. ‘मारुतीच्या देवळापुढचा पैलवान’ हा आपल्या कथा-सिनेमांतला चेष्टेचा विषय खरं म्हणजे याच बेकारीतून आला आहे. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, प्रमाणपत्र घेतलेले प्रशिक्षक तयार व्हायला लागले. पण तालमीच्या उंबऱ्याआत प्रमाणपत्र कुणी विचारत नव्हतं. तिथे ‘हा कुणाशी लढलाय?’ एवढंच विचारलं जाई.

आंदळकर मोतीबागेतच राहिले. काल ज्या हौद्यात उतरत होते त्याच्या काठावर बसले.

ऐकायला सोपं वाटतं. पण मल्लाला वस्ताद होणं जड जातं, कारण सगळ्या सवयी उलट्या कराव्या लागतात. मल्ल स्वतःच्या अंगाचा विचार करतो. वस्तादाला पन्नास अंगं वाचावी लागतात. कुणाची कंबर ताठ, कुणाचा उजवा हात आळशी, कोण पहिल्या पाच मिनिटांत भडकतो. ज्याची उंची जास्त त्याला ढाक, जो ठेंगणा नि चपळ त्याला एकेरी पट, ज्याच्या खांद्यात ताकद त्याला कलाजंग. आपल्याला जो डाव लाभला तोच सगळ्यांना शिकवणारे वस्ताद खंडीभर असतात, आणि त्यांची पोरं एकाच साच्याची निघतात.

दुसरं काम जोड लावण्याचं. कुणाची कुस्ती कुणाशी आणि कधी, हे वस्ताद ठरवतो. वर्षभर आधी मोठ्याशी भिडवला तर पोरगं मनातून मोडतं. वर्षभर उशीर केला तर गावच्या इनामांवर सुस्तावतं. जत्रांचे यजमान घरी येऊन बसतात, पैसे वाढवून देतात, पोराचा बापही आतून त्यांच्याच बाजूचा असतो. तरी ‘अजून नाही’ म्हणायचं. या नकाराची नोंद कुठेच राहत नाही, पण मल्ल घडतो तो बराचसा यानेच. आणि तिसरं काम निव्वळ संसारी: कुणाच्या घरून या महिन्यात तुपाचा डबा आला नाही, माणमध्ये पाऊस नाही म्हणून कुणाच्या बापाने म्हैस विकली, मग त्या पोराचं दूध कुणाच्या वाट्यातून काढायचं.

वस्ताद सगळं शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. मला ही म्हण कधीच आवडली नाही. राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबर सरणावर जातो.

मोतीबागेतून काय निघालं याचा सगळ्यात ठळक दाखला दादू चौगुले. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचं हे पोर, आंदळकरांच्या हाताखाली मोठं झालं. १९७० मध्ये महाराष्ट्र केसरी, १९७१ मध्ये पुन्हा महाराष्ट्र केसरी. म्हणजे टोकियोहून आल्यावर सहा वर्षांच्या आत वस्तादाच्या खात्यावर राज्याची गदा. १९७४ मध्ये न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धांत दादूंनी शंभर किलोंवरच्या गटात रौप्यपदक मिळवलं, अर्थात गादीवर. गुरूला गादी ठाऊक होती, जकार्ता-टोकियोतून अंगावर घेतलेली. ती शिष्याला मातीत उभं राहूनच मिळाली. वस्ताद स्वतः गादीवर लढलेला असला की पोराला निदान एवढं कळतं की तिथे खडाखडीत वेळ घालवायचा नसतो. मातीत अर्धा तास एकमेकांची ताकद जोखणं ही शोभा. गादीवर तो आळस.

दादूही पुढे वस्तादच झाले, आणि तेही मोतीबागेत.

ही साखळी एका तालमीपुरती नव्हती. लातूरकडून आलेले हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले, १९७७ मध्ये बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, आणि मग पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पुढच्या पिढ्या उभ्या केल्या. बीडचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. सतपालही पुढे दिल्लीत गुरू झाले आणि त्यांच्या छत्रसाल आखाड्यातून ऑलिंपिक पदकं जिंकणारा सुशीलकुमार निघाला.

हे नाव आलं की आपल्याकडचे कुस्तीवाले थोडे गप्प होतात, आणि त्याला कारण आहे. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, आणि तेही कुस्तीत नव्हे, नेमबाजीत. मिळवणारा स्वप्नील कुसाळे पुन्हा राधानगरी तालुक्यातलाच. बहात्तर वर्षं. उत्तरेकडच्या आखाड्यांनी गादी लवकर आणि पुरती स्वीकारली. आपण दोन डगरींवर पाय ठेवला. महाराष्ट्र केसरीतही माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर समोरासमोर. ही तडजोड बघायला रंगतदार आहे, पण पोराचं अर्धं वर्ष जत्रेच्या मातीत आणि अर्धं गादीवर जातं. जत्रा त्याला आज पैसे देते, ऑलिंपिक कदाचित दहा वर्षांनी. माणमधल्या बिनपाण्याच्या वावराच्या धन्याला यातलं काय निवड म्हणून सांगणार?

वस्तादांना याचा दोष द्यावा का? थोडा द्यावा. तालमी व्यक्तीभोवती उभ्या राहिल्या, संस्था म्हणून वाढल्या नाहीत. वस्ताद होता तोवर तालीम भरलेली, वस्ताद गेला की पोरं पांगली, असं कित्येक ठिकाणी झालं. पण राजाश्रय गेल्यापासून साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन द्यायला सुरुवात करेपर्यंत जो मधला कोरडा काळ होता, त्यात पहाटे चारला दिवा लावणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आंदळकर अखेरपर्यंत कुस्तीतच राहिले. फडात पांढराशुभ्र पोशाख, डोक्याला फेटा, आणि त्यांनी हात लावून कुस्ती सोडली की ती मोठी मानायची, अशी रीतच पडून गेली होती. १६ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ८३. त्यांतली जेमतेम पंधरा-वीस वर्षं मल्लाची, त्यानंतरची पन्नासच्या आसपास वस्तादाची.

बरोबर नऊ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, राष्ट्रपती भवनात दादू चौगुलेंना ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार तेव्हा कारकीर्द सरलेल्या खेळाडूंना मिळायचा. खेळ सोडल्यावरही त्यांनी खेळासाठी काय केलं हे त्यात बघितलं जायचं. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर २०१९ ला, दादूही गेले.

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्याला छत्रपती शाहू क्रीडा संकुलात भरली. माण-खटावपासून शिराळ्यापर्यंतची माणसं मिळेल त्या वाहनाने आली होती. अंतिम कुस्तीत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवलं, आणि कोल्हापूरकरांनी मैदान डोक्यावर घेतलं. एकवीस वर्षांनी गदा त्यांच्याकडे परत आली होती. त्याआधीची, २००० सालची, ज्याने नेली होती त्याचं नाव विनोद चौगुले, दादूंचा मुलगा.